तिसरी खेप

फेब्रुवारी सरत आला की माझा फोन बिबट्यांनी भरून जातो. निदान फोन करणाऱ्यांचं म्हणणं तसं असतं. "मॅडम, वावरात बिबट्याची पिल्लं सापडली, लवकर या." पाठोपाठ फोटो येतो. फोटोत पोपटी टॉवेल, टॉवेलवर मातकट रंगाची दोन-तीन पिल्लं, शेजारी स्टीलच्या वाटीत दूध आणि कडेला फोटो काढणाऱ्याच्या चपलेचं टोक. टॉवेलचे रंग बदलतात, वाटी मात्र प्रत्येक फोटोत असतेच. मी फोटो मोठा करून बघते. अंगावर ठिपके नसतात, पुसट पट्टे असतात. शेपटीच्या टोकाला काळं. "बिबट्या नाही दादा, रानमांजर आहे," मी सांगते. यावर पलीकडून हायसं वाटल्याचा आवाज येईल असं कुणालाही वाटेल. पण येतो तो हिरमुसल्याचा. बिबट्या म्हणजे बातमी, मांजराचं कोण काय छापणार!

त्यानंतरचं माझं बोलणं ठरलेलं आहे. हात लावू नका. दूध पाजू नका. जिथून उचललं तिथंच ठेवा. माणसं हटवा, कुत्री बांधा. आई जवळच असेल, ती येईल. हे मी नशिराबादच्या शेतकऱ्याला सांगते, चोपड्याच्या सरपंचाला सांगते, धुळ्यातल्या एका फौजदारालाही सांगून झालं आहे. एका छोट्या संस्थेत मी नोकरी करते, दोन जिल्हे माझ्याकडे आहेत, आणि नोकरीचा निम्मा भाग म्हणजे लोकांना काही करू नका असं पटवणं. माणसाला काहीतरी करायला सांगणं सोपं असतं. काही न करता बांधावर बसून राहा म्हटलं की तो आपल्याकडे संशयाने बघतो. "मग तुमचा उपयोग काय?" असं एकाने तोंडावर विचारलंही होतं. प्रश्न रास्त होता.

धुळ्याच्या देवपुरातल्या माझ्या खोलीतून शेत दिसत नाही. समोर क्लासचे बोर्ड, खाली झेरॉक्सचं दुकान. तरी दादरची सोंगणी सुरू झाली हे मला वरून कळतं. रस्त्याने कडब्याचे ट्रॅक्टर जाऊ लागतात, विजेच्या तारांना कडब्याची पानं अडकून राहतात, आणि दुपारी खिडकी उघडली की तो कोरडा, गोडसर वास आत येतो. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. तिची कापणी आणि बारावीची परीक्षा एकाच वेळी येतात, त्यामुळे खानदेशातल्या माझ्या पिढीच्या नाकात या दोन गोष्टींचा मिळून एकच वास आहे. खालच्या झेरॉक्सवर पोरींची रांग लागते. हातात नोट्स, डोळ्यांखाली काळं. मी वरून बघते आणि खिडकी लावून घेते, कारण धूळ फार येते.

माझ्या बारावीचं वर्ष. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, केळीची बाग आणि नाल्याकाठी दादरचा एक तुकडा. नानांनी माझं पुढचं सगळं ठरवून ठेवलं होतं. मी फार्मसी करायची आणि चोपड्यात मेडिकल टाकायचं. गाळासुद्धा बघून ठेवला होता, बसस्टँडजवळ, पूर्वेकडे तोंड असलेला. नाना कमी बोलणारे. पण त्या गाळ्याबद्दल बोलताना हाताने हवेत शटर वर करून दाखवायचे. मलाही ते वाईट वाटत नव्हतं. पंख्याखाली बसायला मिळणार होतं.

रसायनशास्त्राच्या पेपरच्या आदल्या दिवशी मी वावरात भाकरी घेऊन गेले. खरं म्हणजे आईने मला घराबाहेर काढलं होतं, कारण मी पुस्तक उघडं ठेवून भिंतीकडे बघत बसले होते. डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा, काखेत पुस्तक. सोंगणीला दहा-बारा बाया होत्या. त्यांच्या म्होरक्या केसरअक्का, साठीच्या, कमरेत वाकलेल्या की उभ्याच राहत नसत. सरळ झाल्या की त्यांनाच नवल वाटे. आमच्याकडे सोंगणी चारी बांधांकडून सुरू होते. दोन-तीन बाया एकेका बांधाला लागतात आणि आत सरकत येतात. काम भरभर होतं, गप्पा समोरासमोर होतात. शेवटी मधोमध एक चौकोन उभा राहतो, आणि वावरातलं जे काही जिवंत असतं, ससे, तितर, उंदीर, ते सगळं त्या चौकोनात गोळा झालेलं असतं. गावातली कुत्री हे ओळखून असतात. ती तिसऱ्या प्रहरी येऊन बसतात.

तेव्हा तो चौकोन आमच्या घराच्या अंगणाएवढा राहिला होता. आतून एक बाई किंचाळली आणि सगळ्या विळे टाकून बांधाकडे पळाल्या.

"वाघनं पिलू शे हाई!" केसरअक्का ओरडल्या. "एक नही, तीन शेतस! माय आठेच व्हई, पया!"

मी पळाले नाही. शौर्य वगैरे काही नव्हतं. मला जीवशास्त्रात चांगले मार्क पडत, आणि ज्याला चांगले मार्क पडतात त्याला आपल्याला कळतं असं वाटतं. मी आत गेले. पानांच्या खळगीत तीन पिल्लं. डोळे नुकते उघडलेले, निळसर. एवढा गोंधळ झाला तरी त्यांची आई दिसत नव्हती, याचा अर्थ ती पळून गेली, याचा अर्थ ही अनाथ झाली, असं मी दोन पायऱ्यांत सिद्ध केलं. ओढणी काढली, तिघांना तिच्यात घेतलं आणि घरी निघाले. सर्वांत धाकटं पिल्लू माझ्या मनगटाला तोंड लावून चोखत होतं. मला त्या वेळी जे वाटलं ते मी लपवणार नाही: मला फार छान वाटलं. आपण कुणाला तरी वाचवलं, हे वाटणं जगात सगळ्यांत गोड असावं. त्याच्यापासून सावध राहायला शिकण्यात माझी पुढची काही वर्षं गेली.

घरी अर्धं गाव लोटलं. नाना गोठ्यात गेले. गाईची वेळ झाली नव्हती, तरी त्यांनी तिच्या पाठीवर थोपटून, तिला समजावून वाटीभर दूध काढलं. चुलीवर कोमट केलं, बोट बुडवून पाहिलं. मी कापसाच्या वातीने पाजत होते आणि नाना बॅटरी धरून माझ्या खांद्यावरून बघत होते. "पेस का? पेस का?" एवढंच विचारत होते. तिन्ही पिल्लं प्यायली. त्या संध्याकाळी आम्ही बापलेक जितका वेळ शेजारी बसलो, तितका त्याआधी कधी बसलो नव्हतो.

सकाळी धाकटं पिल्लू गार होतं. ओढणी खराब झालेली होती, बाकीच्या दोघांनाही जुलाब लागले होते. माझी चोपड्याची बस सव्वाआठला. नानांनी पिल्लू माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाले, "तू जाय. तुना पेपर शे." मी बसच्या खिडकीतून पाहिलं, नाना कुदळ घेऊन लिंबाच्या झाडामागे जात होते. रसायनशास्त्राच्या पेपरात मी काय लिहिलं ते मला त्याच दिवशी आठवत नव्हतं.

दुपारी परतले तर ओट्यावर वनखात्याच्या बोरसे मॅडम बसल्या होत्या. वनरक्षक. गावातल्या कुणीतरी बिबट्या म्हणून कळवलं होतं. खाकी शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, मांडीवर पिल्लं, हातात ड्रॉपर. त्या ग्लुकोजचं पाणी थेंब थेंब सोडत होत्या. वाघीण, बिबट्या वगैरे ऐकून घेऊन त्या सरळ म्हणाल्या, "रानमांजर आहे. आईला शिकार करून यायला वेळ लागतो. माणसं असली की ती लांब बसून राहते. पळून जात नाही."

मी म्हणाले, "मला वाटलं ती त्यांना सोडून गेली."

"तू तिथून उचललीस म्हणून तसं दिसलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "आणि गाईचं दूध यांना पचत नाही. इतक्या लहान पिल्लाचा त्यानेच जीव जातो. सगळेच पाजतात."

नाना चहाचे कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी कप ठेवले आणि आत गेले. मला वाटलं, ते माझ्यावर चिडले आहेत. पेपर, लोकांची गर्दी, अंगणात वनखातं, आणि हातात मेलेलं पिल्लू. चिडायला पुरेसं होतं.

बोरसे मॅडमना तीच नेमकी जागा हवी होती. मधला चौकोन अजून उभा होता, त्या दिवशी बाया त्याला हात लावायला तयार नव्हत्या. मॅडम म्हणाल्या, दोन दिवस तो तसाच ठेवा. मळणीचं यंत्र उद्याचं ठरलं होतं, आणि आभाळ दोन दिवसांपासून गढूळ होतं. मार्चमधल्या गारा काय करतात हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. कापून पडलेली दादर भिजली की काळी पडते. नानांनी आभाळाकडे पाहिलं, पिल्लांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं." केसरअक्कांनी कपाळावर हात मारून घेतला. मांजरीसाठी यंत्र परत पाठवणारा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

केळी भरायचा एक प्लास्टिकचा क्रेट घेतला, त्यात दादरची पानं, पानांत दोन पिल्लं, आणि तो खळगीजवळ ठेवला. ऊन उतरल्यावर आम्ही तिघं लांबच्या बांधावर बाभळीच्या आडोशाला बसलो. दिवस मावळायच्या जरा आधी ती आली. नाल्याच्या काठावर उभी. मला काहीतरी थोरलं, रुबाबदार अपेक्षित होतं. ही आमच्या मांजरीपेक्षा थोडी मोठी, पाय लांब, पोट आत गेलेलं, कानांची टोकं काळी. नाल्यापासून चौकोनापर्यंत सगळं कापून मोकळं झालेलं रान. लपायला काडी नाही. ती दहा पावलं आली, बसली, मागे गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. क्रेटमधून पिल्लं ओरडत होती. अंधार पडू लागला तशी मॅडमनी पिल्लं उचलून घेतली, रात्री कुत्र्यांच्या तोंडी नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी उजाडता मी वावरात गेले तर नाना आधीच तिथे होते. एकटे. कापून पडलेल्या दादरच्या पेंढ्या उचलून, बुडं जमिनीला टेकवून, दोन-दोन एकमेकींना टेकवून उभ्या करत होते. नाल्यापासून चौकोनापर्यंत दोन रांगा आणि मधे एका मांजरीपुरती वाट. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बोरसे मॅडमनाही सुचलं नव्हतं. त्या आल्या आणि कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या. "तिले उघडं वाटी ऱ्हायनं व्हतं," नाना म्हणाले, आणि शर्टाला चिकटलेली पानं झटकू लागले.

संध्याकाळी ती त्या वाटेने आली. आम्हाला फक्त पेंढ्या हलताना दिसत होत्या. मग क्रेटच्या काठावर तिचे पुढचे पाय. एक पिल्लू मानेला धरून ती गेली. आम्ही श्वास रोखून बसलो होतो असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर मला डास चावत होते आणि मी हलू शकत नव्हते. बऱ्याच वेळाने ती परत आली आणि दुसरं पिल्लू घेऊन गेली. बोरसे मॅडमनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. उठायचं म्हणून मी हात टेकला, आणि पेंढ्या पुन्हा हलल्या.

ती तिसऱ्यांदा आली होती. क्रेटच्या काठावर पाय ठेवून आत बघत होती. वास घेत होती. पानं पंजाने बाजूला केली. मग बाहेर येऊन क्रेटभोवती फिरली, खळगीत गेली, पुन्हा क्रेटपाशी आली. एकदा आवाज दिला, हलकासा, घशातल्या घशात. थोडा वेळ बसली आणि गेली.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. नाना माझ्याआधी उठले आणि घराकडे चालू लागले. त्यांनी माझ्यासाठी थांबायला हवं होतं असं मला वाटलं.

गारा पडल्या नाहीत. पडल्या असत्या तर नानांच्या नुकसानीची भरपाई म्हणून मी रसायनशास्त्राचा पेपर पुन्हा दिला असता आणि बहुधा आज चोपड्यात पंख्याखाली बसलेली असते. झालं असं की रसायनशास्त्राने हात दाखवला, फार्मसीचं जमलं नाही, आणि मी देवपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राला नाव घातलं. लोक म्हणतात, तुम्ही हे क्षेत्र कसं निवडलंत? महाविद्यालयांत भाषणाला बोलावतात तेव्हा हा प्रश्न हमखास येतो, आणि मुलं वही उघडून बसलेली असतात. जंगल, हाक, ध्यास असं काहीतरी त्यांना हवं असतं. मी त्यांना अभ्यासक्रमांची नावं सांगते, वनरक्षकाच्या भरतीत धावावं लागतं ते सांगते, उन्हात दुचाकी चालवायची तयारी आहे का ते विचारते. एका मांजरीने रिकाम्या क्रेटमध्ये डोकावून पाहिलं म्हणून, हे सांगत नाही. त्यावर वहीत काय लिहिणार?

नाना त्यानंतर गाळ्याबद्दल बोलले नाहीत. तसे ते कशाबद्दलच फारसे बोलले नाहीत. घरी पाहुणे आले आणि पोरगी काय करते असं विचारलं की नाना म्हणत, "धुळ्याले सर्विसले शे," आणि पाण्याचा तांब्या पुढे करत. कसली सर्व्हिस ते नाही. माझ्या कामाबद्दल त्यांनी मला कधी एक शब्द विचारला नाही, आणि मीही त्याचा एकच अर्थ लावत आले: त्या हवेतल्या शटरचा. ते मी खाली ओढलं होतं. घरी गेले की मी केळीचे भाव विचारायची, ते माझ्या गाडीचं ॲव्हरेज विचारायचे. आम्ही दोघं फार नीट वागत होतो.

दरम्यान मी माझं काम शिकले. क्रेटसमोर, जरा अंतरावर, छोटा कॅमेरा लावून घरी जायचं, बसून राहायचं नाही, हे शिकले. चारी बाजूंनी आत येऊ नका, एका बांधाकडून नाल्याकडे कापत जा म्हणजे आतल्यांना निघून जाता येतं, हे मी गावोगाव सांगते. बाया हसतात आणि काही जणी तसं करतातही. उघड्या रानात पेंढ्यांची वाट करायला सांगते. ही पद्धत कुणाची असं कुणी विचारलं तर आमच्याकडची, म्हणते.

या वर्षी सोंगणी उशिरा आली. गेल्या आठवड्यात सकाळी सात वाजता फोन वाजला. पडद्यावर 'नाना'. नाना सकाळी फोन करत नाहीत.

"दादरमा पिलं निघनात," नाना म्हणाले. "मांजरना. तीन."

माझी टेप सुरू झाली. "नाना, हात लावू नका, दूध..."

"माले बठ्ठं माहीत शे." त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही. "परवा निघनात. पेंढ्या उभ्या कयात. कोणले जवळ येऊ दिधं नही. काल सांजले लई गयी. तिन्ही."

"मग मला परवाच का नाही सांगितलं? मी आले असते."

"कसाले? तुनं काय काम व्हतं आठे?"

हे ऐकून मला हसू आलं. हेच मी दोन जिल्ह्यांना शिकवत आले आहे. थोडं वाईटही वाटलं; घरी जायला एक कारण मिळालं असतं. फोनवर वारा ऐकू येत होता, म्हणजे नाना वावरातच उभे होते. मी आता ठेवतील म्हणून वाट पाहत होते. ते ठेवत नव्हते.

"एक सांगू का तुले," ते म्हणाले. "तीन पिलं व्हतात. तीन खेपा कयात तिनी. तिन्ही लई गयी. तरी आखो एक खेप उनी. क्रेटमा देखं, वास लिधा, बठनी जराशी, आन मंग गयी. काहीच नव्हतं तठे, तरी उनी."

"हो नाना."

"म्हणजे तवय बी तशीच उनी व्हई. ते तिसरं धुंडाले नही. अशीच देखाले."

खालच्या ट्रॅक्टरचा आवाज नको म्हणून मी खिडकी लावून घेतली.

"काय म्हंतस? तुले माहीत व्हई."

मला माहीत होतं. कॅमेऱ्यात मी ती शेवटची खेप कितीतरी वेळा पाहिली आहे. सगळी पिल्लं नेली तरी बहुतेक आया एकदा परत येऊन बघतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी खोलीत एकटीच बसून रडले होते आणि मला हलकं वाटलं होतं. त्यानंतर हे मी भाषणांत सांगितलं, फौजदाराला सांगितलं, अनोळखी माणसांना फोनवर सांगितलं. नानांना सांगावं असं माझ्या मनात एकदाही आलं नाही, कारण ती खेप माझी एकटीची आहे असं मी धरून चालले होते.

"हो नाना," मी म्हणाले. "सगळ्या तशाच येतात. तेव्हाही तशीच आली असेल."

वारा ऐकू येत राहिला. लांबून केसरअक्कांचा आवाज आला, कुणाला तरी रागावत होत्या.

"दूध मी काढेल व्हतं ना," नाना म्हणाले.